मधलं नाव

१ जानेवारी २०१३, मंगळवार

दूध संघाने यंदा सगळ्या संस्थांच्या सेक्रेटरींना डायरी दिली. डेअरीची डायरी. मागच्या वर्षी स्टीलचा डबा दिला होता. दुष्काळामुळे हात आखडला, असं आमचे चेअरमन म्हणाले. माझ्या मते डायरीच बरी. जबाबदार माणसाने रोज चार ओळी लिहाव्यात.

माझी जबाबदारी मागच्या महिन्यात वाढली. वय त्रेचाळीस. इतकी वर्षं जमलं नाही ते लग्न डिसेंबरात जमलं, आणि लग्नासोबत मी डायरेक्ट बाप झालो. लोकांना दहा वर्षांची लेक व्हायला दहा वर्षं लागतात. मला अर्धा तास लागला.

मुलीचं नाव योगेश्वरी. चौथीत आहे. जानकीची आधीच्या घरची मुलगी. तिचे वडील सिदू फड, धर्मापुरीचे. तीन वर्षांपूर्वी ऊसतोडीवरून येताना ट्रॉली उलटली, त्यात गेले.

लग्नात चेअरमन बोलले की उत्तरेश्वररावांनी तालुक्यापुढे आदर्श ठेवला. टाळ्या पडल्या. योगेश्वरीने वाजवल्या नाहीत. तिच्या हातात बुंदीचं ताट होतं.

संकल्प: गुढीपाडव्यापर्यंत ती मला बाबा म्हणेल. पाडवा अकरा एप्रिलला. मोजून शंभर दिवस आहेत. भरपूर झाले.

४ जानेवारी

सध्या ती मला "ओ" म्हणते. "ओ, आई जेवायला बोलवती." "ओ, बाहेर कोण आलंय." माझ्या आईला हे खटकतं, मला नाही. जानकीही मला अहो म्हणते. अहोमधला अ आणि ह गेला की ओ उरतो. म्हणजे पोरगी घरच्या रीतीनेच चालली आहे. सुरुवात चांगली.

७ जानेवारी, सकाळी, संकलन केंद्रावर

दूध निम्म्यावर आलंय. रांग अर्ध्या तासात संपते. त्यामुळे विचाराला वेळ मिळतो.

नेमका कोणता शब्द हवा, हे आधी ठरवलं पाहिजे. वडील हा फॉर्मवरचा शब्द आहे, तोंडावर कुणी म्हणत नाही. पिता पुस्तकात असतो, नाहीतर "पाणी पिता का" यात, आणि ते विचारणंही हल्ली लोकांनी सोडलंय. पप्पा चेअरमनची नातवंडं म्हणतात, पण त्यांच्या बोअरला पाणी आहे. बाप हा खरा शब्द, पण आमच्याकडे तो भांडणात जास्त निघतो. "तुह्या बापाचं हाय का" वगैरे. दादा, आबा, नाना, भाऊ हे घराघरावर असतं. घरातली मोठी माणसं ज्याला जे म्हणतात तेच लेकरू उचलतं. मला घरात आई उत्तऱ्या म्हणते. ते उचलून चालणार नाही.

सावत्र हा शब्द मी इथे लिहिणार नाही. तो आयांना लावतात.

बाबाच ठीक. दोन अक्षरं, दोन्ही सारखी. जड नाही.

८ जानेवारी

फॅट मशीन बिघडलं म्हणून युसूफ वडगावहून अजीज मेकॅनिक आला होता. जुना दोस्त. चार लेकरांचा बाप, म्हणून त्याचा सल्ला घेतला. म्हणाला, "माझी पोरं मला भाई म्हणतेत. माझे धाकटे भाऊ म्हणायचे, त्यांचं ऐकून. म्या कवा सांगितलं न्हाई अब्बा म्हणा म्हणून." मी म्हणालो, पण इथे काहीतरी ठरवावं लागेल. तो म्हणाला, "सेक्रेटरी, त्यो काय नटबोल्ट हाय का, पाना लावला की बसला?"

अजीज मशीनचा माणूस आहे. माणसांचं त्याला तितकं कळत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

योगेश्वरीने आईच्या पाया पडून तिळगूळ दिला, जानकीला दिला, शेजारच्या बायडाबाईला दिला. माझा तिळगूळ तिने मी लिहीत होतो त्या रजिस्टरवर ठेवला आणि गेली. कामात अडथळा नको, ही समज या वयात फार कमी लेकरांत असते.

आई मला म्हणाली, "उत्तऱ्या, लेकराच्या मागं लागू नको. नवं जनावर दावणीला आलं तरी चार महिने कासंला हात लावू देत न्हाई."

आई शाळेत गेलेली नाही.

२१ जानेवारी

आजपासून मी तिला मोटरसायकलवर शाळेत सोडतो. शाळा जवळच आहे, पण बापाने सोडावं. मागे बसताना तिने मला धरलं नाही. कॅरिअरची दांडी दोन्ही हातांनी पक्की धरली. मध्ये दप्तर ठेवलं. सेफ्टीची जाण आहे.

२३ जानेवारी

आज ती माझ्याआधीच पायी निघून गेली. व्यायामही हवाच.

२६ जानेवारी, शनिवार

झेंडावंदनाला सोसायटीतर्फे मी गेलतो. खुर्ची पहिल्या रांगेत. पाठांतरात पहिला नंबर म्हणून बक्षीस जाहीर झालं, "योगेश्वरी सिदू फड." टाळ्या पडल्या. मीही उभा राहून वाजवल्या. शेजारी सरपंच बसले होते. ते म्हणाले, "कुणाची हो पोरगी? हुशार दिसती."

माझी, असं म्हणायला तोंड उघडलं. पण माइकवर सिदू फड म्हटल्यावर मी काय सांगणार? म्हणालो, इथलीच आहे.

घरी येताना सगळं लख्ख झालं. दोष पोरीचा नाही. दोष रेकॉर्डचा आहे. आपल्याकडे बाप लेकराच्या नावाच्या मध्ये बसलेला असतो. पुढे लेकरू, मागे आडनाव, मध्ये बाप. तिथे मी नाहीच. मग तिने मला कोणत्या आधारावर बाबा म्हणावं? बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असं म्हणतात. दाखवतो.

३० जानेवारी

हेडमास्तरांना भेटलो. त्यांच्या दोन म्हशींचं दूध आमच्याकडे येतं आणि त्यांना माझ्याविषयी आदर आहे. नाव बदलायला प्रतिज्ञापत्र, गॅझेट, बरंच काही लागतं म्हणाले. मी म्हणालो, ते मागून करू, तूर्त एक तारखेपासून वर्गाच्या हजेरीत तरी बदला. त्यांनी चष्मा काढून पुसला. विचारलं, "मुलीला सांगितलंय ना?"

मी म्हणालो, सरप्राइज आहे.

"आणि तिच्या आईला?"

तेही सरप्राइजच.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

आजपासून योगेश्वरी उत्तरेश्वर सांगळे.

केंद्रावर फक्त ब्याऐंशी लिटर दूध आलं. त्याचं काही वाटलं नाही. रिकाम्या वेळात कोऱ्या कागदावर तिचं पूर्ण नाव लिहून पाहिलं. चांगलं दिसतं. वजनदार.

संध्याकाळी ती चतकोर भाकरी खाऊन उठली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आनंदाने भूक जाते.

६ फेब्रुवारी

नांदूरघाट रोडला जनावरांची छावणी उघडली. संस्थेने मला तिथलं रजिस्टर दिलं. सकाळी केंद्र, दुपारी छावणी. गावात टँकर तिसऱ्या दिवशी येतो.

पाच दिवस झाले, योगेश्वरी मला "ओ" पण म्हणालेली नाही. काहीच म्हणालेली नाही. मी याचा नीट विचार केला. जुना शब्द सुटलाय, नवा अजून तोंडात बसलेला नाही. मधला काळ आहे.

११ फेब्रुवारी

जानकीने विचारलं, "अहो, पोरगी कावून गप गप हाय? शाळंत काय झालंय का?" मी परीक्षेचं टेन्शन असेल म्हणालो. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. तेव्हाच सगळं सांगणार होतो, पण टँकर आल्याची आरोळी आली आणि घागरी घेऊन पळावं लागलं.

२० फेब्रुवारी

शाळेतून चिठ्ठी आली. आपली पाल्य या महिन्यात पंधरा दिवस गैरहजर आहे, पालकांनी भेटावे.

रोज सकाळी दप्तर घेऊन निघते. मग जाते कुठे? जानकीला चिठ्ठी दाखवली नाही. आधी बापाने तपास करायचा असतो.

२१ फेब्रुवारी, दुपारी

तपास झाला. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी तिच्या मागे अंतर ठेवून चालत गेलो. ती सरळ शाळेत गेली. प्रार्थनेला उभी राहिली. वर्गात तिसऱ्या ओळीत बसली. मी खिडकीच्या बाजूला थांबलो.

बाईंनी हजेरी घेतली. मुली "हजर बाई, हजर बाई" म्हणत होत्या. मग बाई म्हणाल्या, "योगेश्वरी उत्तरेश्वर सांगळे."

कुणी बोललं नाही.

बाईंनी पुन्हा म्हटलं. योगेश्वरी समोर फळ्याकडे बघत होती. हात मांडीवर. शेजारच्या मुलीने तिला कोपराने ढोसलं, तरी ती हलली नाही. बाईंनी पेनने काहीतरी मांडलं आणि पुढचं नाव घेतलं.

सुट्टीत बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी उभी राहून म्हणाली, बाई, ही कोण हाय? माझं नाव चुकलंय. मी म्हटलं, चुकलेलं नाही, आता हेच आहे. तेव्हा खाली बसली, ती त्या दिवसापासून हजेरीला बोलत नाही. गणितं करते, वाचते, प्रश्नांची उत्तरं देते. पण हजेरीत ती नाही. तिने 'हजर' म्हटलं तर मी मांडीन. तिच्याऐवजी मी कसं म्हणू?"

पंधरा दिवस. दहा वर्षांची पोरगी, रोज सगळ्या वर्गापुढे.

जिद्द माझ्यावर गेली आहे.

२२ फेब्रुवारी

जानकीला सांगावं लागलं. ती भाकरी थापत होती. थापायचं थांबवलं नाही, पण भाकरी परातीत पसरत पसरत फाटली. म्हणाली, "तिला इचारलं का तुमी?" नाही म्हणालो. "मला?"

मी माझी बाजू मांडली. आदर्श, रेकॉर्ड, सरपंच, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिला घर न्हवतं, म्हणून म्या तुमच्या घरी आले. नाव व्हतं तिला."

त्या फाटलेल्या पिठाचा गोळा करून तिने पुन्हा थापायला घेतलं. रात्री माझ्या ताटात वाढताना हात नेहमीसारखाच होता. ओरडली असती तर बरं झालं असतं. उत्तर तरी देता आलं असतं.

ठरलं. सोमवारी जाऊन नाव पूर्ववत करणार.

२५ फेब्रुवारी, सोमवार

छावणीला तहसीलचे लोक तपासणीला. जमलं नाही.

२८ फेब्रुवारी

हेडमास्तर ट्रेनिंगला गेलेत असं कळलं. कुणाकडून कळलं ते आठवत नाही. पण शिक्षकांना फार ट्रेनिंग असतात.

४ मार्च

नव्या महिन्याच्या हजेरीतही सांगळेच लिहिलंय. वास्तविक मी एक तारखेलाच जाणार होतो. पण एकदा लिहिलेलं खोडलं की गावात चर्चा होते. चेअरमन विचारणार, आदर्श परत घेतला का? शिवाय माणसाला सवय होते. लोकांना एक दिवसाआड अंघोळीची सवय झाली, मग चार दिवसाआडची झाली. तिलाही होईल. शिवरात्रीपर्यंत वाट पाहतो.

७ मार्च

अजून गैरहजर.

११ मार्च, सोमवार

शिवरात्र काल झाली. आज संध्याकाळी धर्मराज फड आले. सिदूचे वडील, योगेश्वरीचे आबा. ऊस नसल्याने कारखान्याचा पट्टा यंदा लवकर पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या. बायको सरस्वतीबाईला धर्मापुरीला सोडून ते एसटीने थेट नातीकडे आले. साठीच्या पुढचा माणूस. कोयत्याने अंगठा कापलेला, त्याला चिंधी. नातीसाठी बाटलीत काकवी आणली होती.

योगेश्वरी त्यांच्या मांडीला टेकून तासभर बोलत होती. मी आतून ऐकत होतो. शब्द कळत नव्हते, आवाज येत होता. इतकं बोलते हे मला माहीत नव्हतं. मध्येच तिचा आवाज बारीक झाला.

जेवणं झाल्यावर ते बाहेर ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. तंबाखू मळली, मला विचारली, मी घेत नाही. मग म्हणाले, "सेक्रेटरी, येक बोलू का? राग धरू नका."

बोला म्हणालो.

"आमच्या सुनंचं तुमी चांगलं केलं. मीच तिला म्हणालतो, लगीन कर, आमी किती दिस पुरणार. तुमचा माझ्या मनात काय बी वाईट न्हाई. पण पोरीचं नाव कावून खोडलं?"

मी समजावून सांगितलं की मला सिदूची जागा घ्यायची नाही, फक्त तिने जसं त्याला बाबा म्हटलं असेल तसं हळूहळू मला म्हणावं, एवढंच.

धर्मराज म्हणाले, "ती त्याला बाबा कवाच म्हणली न्हाई."

मला नीट कळलं नाही.

"आमी दोघं त्याला सिदू म्हणायचो. सून तर नाव घेत न्हवती. लेकरू आमचंच ऐकून बोलायला शिकलं. सिदू, भाकर दे. सिदू, खांद्यावर घे. उसाच्या फडात लोक हसायचे, म्हणायचे, बापाला नावानं हाक मारती, वळण लाव तिला. त्यो म्हणायचा, ऱ्हाऊ द्या, मला ग्वाड लागतं." त्यांनी अंगठ्याची चिंधी घट्ट केली. "त्यो गेल्यावर आमी म्हातारा म्हातारी त्याचं नाव तोंडात आणीत न्हाई. आणलं की म्हातारी रडती, म्हणून सोडलं. सून बी घेत न्हाई. मंग त्यो शबुद कुटं ऐकाया मिळणार पोरीला? शाळंत. मास्तरीण रोज सकाळी घेती, योगेश्वरी सिदू फड. तेवढंच तिच्या कानावर पडायचं. तुमी नेमकं तेच खोडलं."

राग नव्हता त्यांच्या आवाजात. पिचकारी टाकायला उठले ते तिकडेच अंधारात उभे राहिले.

मी खूप विचार केला. याचा अर्थ असा होतो की बाबा ही जागा पहिल्यापासून रिकामीच होती. म्हणजे मी कुणाचं काहीच घेतलेलं नाही.

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. लिहिताना बरोबर वाटत होतं.

१२ मार्च

धर्मराज सकाळच्या गाडीने गेले. योगेश्वरी रस्त्यापर्यंत सोडायला गेली. तिने त्यांना काहीतरी विचारलं. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून जानकीकडे बघत राहिले. जानकीने पदर तोंडाला लावला. काय विचारलं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि घरातल्या माणसाने प्रत्येक गोष्ट विचारू नये.

१३ मार्च

हेडमास्तर खुर्चीतच होते. ट्रेनिंग वगैरे काही नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी वर्गाचं हजेरीपत्रक मागवलं. लाल शाईने आडवी रेघ मारली, वर जुनं नाव लिहिलं, सही केली. मला म्हणाले, "तुम्हीही एक सही करा, तुमच्या सांगण्यावरून झालं होतं." त्यांनी पुढे केलेल्या अर्जावर अर्जदाराचे विद्यार्थिनीशी नाते, असा एक रकाना होता. पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. हेडमास्तर म्हणाले, ते राहू द्या, मोकळं सोडा.

१४ मार्च, सकाळ

छावणीत जायच्या आधी शाळेवरून गेलो. रस्त्यावरच आहे, तसा थोडा वळसा पडतो. खिडकीपाशी गेलो नाही, चिंचेखाली उभा राहिलो.

बाईंनी म्हटलं, "योगेश्वरी सिदू फड."

"हजर, बाई."

चिंचेपर्यंत स्पष्ट आलं. वर्गातली एक दोन मुलं हसली, बाईंनी टेबलावर पट्टी आपटली, पुढचं नाव घेतलं.

छावणीत आज जनावरांची गिनती माझ्याकडून दोनदा चुकली.

१५ मार्च

रात्री हात धुताना ती मागून म्हणाली, "ओ, पाणी कमी घ्या. उद्या टँकर न्हाई."

ओ परत आला. दीड महिन्याने. जानकीला सांगितलं. जानकी फक्त हूं म्हणाली. प्रोजेक्ट पुन्हा रुळावर आहे. पाडव्याला सत्तावीस दिवस.

२ एप्रिल

परीक्षा जवळ आल्यात. अभ्यास घेऊ का विचारलं. "माझा झालाय." आत्मनिर्भर आहे. छावणीतून आलो की मी तिच्याजवळ पेपर घेऊन बसतो. ती उठून आईजवळ जाते. प्रकाश तिथे चांगला असावा.

११ एप्रिल, गुढीपाडवा

मुदतीचा दिवस. आज छावणीवर सिदू नावाच्या गड्याला ठेवून मी दिवसभर घरी थांबलो.

हे नाव त्या गड्याचंही आहे हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं. सकाळी ओट्यावरून हाक मारली, "सिदू, आज रजिस्टर तू बघ," तर योगेश्वरी गुढीला साखरेची माळ बांधता बांधता वळली. कोण आहे ते बघितलं आणि परत माळ बांधू लागली. मी पुन्हा त्याला नावाने हाक मारली नाही. ए म्हणालो.

पुरणपोळी झाली. दिवसभर ती बोलत होती. आजीशी बोलली, आईशी बोलली, बायडाबाईच्या बकरीशीही बोलली. मी ऐकू येईल इतक्याच अंतरावर होतो. संध्याकाळी गुढी उतरवली.

सरकारने छावण्यांना मुदतवाढ दिली आहे. परिस्थिती बघून द्यावीच लागते. मीही अक्षय तृतीयेपर्यंत देतो.

२० एप्रिल

केंद्रावर अकरा लिटर दूध. संघाची गाडी उद्यापासून येणार नाही. चेअरमन म्हणाले, तात्पुरतं बंद. मी कॅन धुवून पालथे घातले. धुवायला पाणी बायडाबाईकडून तांब्याभर मागून आणलं.

अजीज फॅट मशीन न्यायला आला. दोघं ओट्यावर बसलो. त्याचेही गिऱ्हाईक आटलेत, मोटारीच बंद तर रिपेअर काय करणार. त्याने विचारलं, "म्हणली का पोरगी?" मी म्हणालो, प्रक्रिया चालू आहे.

तो म्हणाला, "माझा बाप मला लई लाडानं छोट्या म्हणायचा. मी सहा फूट झालतो तरी. मरताना बी छोट्या पाणी दे म्हणला. मी त्याला काय म्हणायचो ते आता डोक्याला ताण दिला तरच आठवतं. छोट्या न्हाई इसरत." मग सहज विचारलं, "तू काय म्हणतो तिला?"

योगेश्वरी, म्हणालो.

"घरात?"

मी आठवून पाहिलं. घरात मी तिला "ऐक गं" म्हणतो. जानकी योगू म्हणते, आई चिमणे म्हणते, आबा काय म्हणतात ते कधी नीट ऐकलं नाही. मी ऐक गं म्हणतो.

उद्यापासून काहीतरी ठरवू.

२१ एप्रिल

योगू म्हणून पाहिलं. ती आणि जानकी दोघींनी एकदम वर बघितलं. मला पुढे काय बोलायचं होतं ते आठवेना. म्हणालो, दिवा लावा.

२४ एप्रिल

ठरलं नाही. घाई करून उपयोग नाही.

१ मे, बुधवार

निकाल. वर्गात पहिली. हेडमास्तरांनी माझंही अभिनंदन केलं. धर्मराज आणि सरस्वतीबाई कालच आले आहेत. सरस्वतीबाई जानकीच्या गळ्यात पडून रडल्या. सुट्टीत नातीला धर्मापुरीला नेणार. तिकडे टँकर एक दिवसाआड येतो म्हणे. म्हणजे योग्यच आहे. मीच म्हणालो, अवश्य न्या.

जानकी जाऊन शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आली. चौथीनंतर दाखला कुठेही लागतो, आत्ताच घेऊन ठेवलेला बरा. जूनमध्ये गर्दी होते. ही दूरदृष्टी जानकीत आहे हे मला माहीत नव्हतं. दाखल्यावर नाव बरोबर आहे, मी तपासलं. योगेश्वरी सिदू फड. हेडमास्तरांचं अक्षर चांगलं आहे.

रात्री आई, जानकी आणि धर्मराज बराच वेळ बोलत बसले होते. मी गेलो तर बोलणं पाण्यावर आलं.

४ मे, शनिवार

सकाळी स्टँडवर गेलो सगळे. योगेश्वरीने माझ्या आईच्या पाया पडून घेतलं. जानकीला मिठी मारली ती सोडेचना. कंडक्टर ओरडला तेव्हा जानकीनेच तिचे हात सोडवले.

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी बोलायचं ठरवून आलो होतो. चांगलं वाक्य होतं, दोन दिवस तयार केलेलं. अभ्यास कर, आबांना त्रास देऊ नको, आणि मी तुझा, असं काहीतरी पुढे होतं. ती वाकली, माझ्या पायाला हात लावला, आणि तशीच उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पहिल्यांदाच इतका वेळ बघितलं असेल.

मी म्हणालो, "ऐक गं."

ती थांबली. खरंच ऐकायला थांबली. पण गाडी चालू झाली, धर्मराजांनी वरून हात दिला आणि ती चढली. खिडकी पलीकडच्या बाजूची मिळाली.

५ मे, रविवार

जानकी कालपासून जेवलेली नाही. मी तिला समजावलं की महिन्याभराचा प्रश्न आहे. सुट्टीला आजोळी नाहीतर आज्याकडे सगळीच लेकरं जातात. जून लागला की येईल. पाचवीला केजला टाकू, मी स्वतः नेऊन सोडीन.

जानकी भिंतीतल्या फळीकडे बघत होती. योगेश्वरीची फळी. रिकामी आहे, पुसून घेतलेली.

म्हणाली, "स्वेटर बी नेलं तिनं."

बाहेर बेचाळीस डिग्री आहे. मी थोडा वेळ विचार केला.

धर्मापुरीला पहाटे गार पडत असेल.